लढाईचे घरचे नियम आणि आमचा पॉडकास्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रोज शब्दकोडं असतं, सुडोकू असतं, मधूनच बुद्धिबळाचा एखादा डावही असतो, पण टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची असा जो रोलप्लेइंग गेम असतो त्याच्यावर चार ओळी कधी दिसत नाहीत. आणि कुठे दिसल्याच तर "तरुणाईचं नवं खूळ". नवं कसलं डोंबलाचं, त्यातला आम्ही खेळतो तो डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ सालचा आहे, पन्नाशी उलटली त्याची!

आम्ही पाच जण हा खेळ खेळताना रेकॉर्ड करतो आणि त्याचा पॉडकास्ट काढतो, खेळ मी चालवते, म्हणजे गोष्ट सांगते आणि राक्षसांच्या वतीने फासे पण मीच टाकते, आणि एडिटिंग पण माझ्याच गळ्यात पडलंय. बोलाचाली, कोडी, कुणाला तरी गंडवणं हे सगळं ऐकायला मस्त वाटतं, पण लढाई सुरू झाली की एपिसोड जागीच बसतो. नियमाप्रमाणे लढाईतला एक राउंड म्हणजे गोष्टीतले फक्त ६ सेकंद, आणि त्या ६ सेकंदांना आमची वीसेक मिनिटं जायची, कारण पाळी कुणाची आधी ते ठरवायला फासा, मग वार लागला का त्याला फासा, मग लागला तर किती लागला त्याला परत फासे. खेळणाऱ्याचं ठीक आहे हो, तो फासा डोळ्यांनी बघत असतो, पण इअरफोन लावून ऐकणाऱ्याला नुसता खडखडाट आणि "किती आले? चौदा. अधिक पाच? नाही नाही सहा, थांब जरा".

म्हणून आम्ही घरचे नियम, म्हणजे पुस्तकातले नियम आपल्यापुरते बदलून, काढायला लागलो आणि तिथेच फसलो.

पहिला बदल क्रिटिकलचा, म्हणजे जबर वाराचा. २० बाजूंच्या फाशावर २० पडले की मूळ नियमात डॅमेजचे, म्हणजे किती लागलं त्याचे, फासे दुप्पट टाकतात, एकाचे दोन. पण आठ बाजूंचे दोन फासे टाकून १ आणि १ पण पडू शकतात ना, म्हणजे सगळे बोंबलले आणि राक्षसाला नुसतं खरचटलं. मग ठरवलं की एक फासा सरळ ८ धरायचा आणि दुसराच फक्त टाकायचा, म्हणजे सरासरी ९ वरून साडेबारावर गेली, माइकवर भारीच वाटायचं. पण तोच नियम गॉब्लिनला, म्हणजे किरकोळ राक्षसाला पण लागू! त्याच्या तलवारीचा फासा सहा बाजूंचा आणि वर २, म्हणजे क्रिटिकल लागला की कमीत कमी ९ गेले, आणि पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे हिट पॉइंट (संपले की पात्र आडवं) असतात जेमतेम ७-८. तिसऱ्याच एपिसोडमध्ये आमची जादूगार आडवी. शत्रूंना हा नियम लावूच नका म्हणाली ती, पण मग तो रडीचा डाव झाला.

दुसरा बदल याच्या उलटा, १ पडला की तलवार हातातून सुटणार, धनुष्याची दोरी तुटणार वगैरे. सुरुवातीला हसून हसून पोट दुखलं आणि ऐकणाऱ्यांनाही आवडलं. मग आमच्यातल्या योद्ध्याने एक दिवस कागद काढून गणितच मांडलं. एका वाराला १ पडायची शक्यता ५ टक्के. लेव्हल वाढेल तसे योद्ध्याला एका पाळीत जास्त वार मिळतात, दोन वारांत एकदा तरी १ पडायची शक्यता पावणेदहा टक्के, तीन वारांत सव्वाचौदा, आणि विसाव्या लेव्हलला चार वार मिळतात तेव्हा साडेअठरा. म्हणजे माणूस जितका तरबेज तितकी त्याची तलवार जास्त पडणार?? आणि जादूगाराच्या कितीतरी मंत्रांना फासा शत्रूच टाकतो, तिला कसली भीतीच नाही. नियम त्याच दिवशी बंद केला, थोडी भांडाभांडी झाली पण बंद केला.

दोन गोष्टी मात्र टिकल्या. औषधाची बाटली पिताना अख्खी पाळी घालवायची नाही, वार पण करता येतो, आणि हे तर २०२४ च्या सुधारित नियमांत अधिकृतच झालं. दुसरं म्हणजे राक्षसांचं डॅमेज मी टाकतच नाही, पुस्तकात सरासरी छापलेलीच असते, गॉब्लिनचे ५, ओगरच्या सोट्याचे १३, बोलले की झालं. हा तर घरचा नियम पण नाही, पुस्तकातच आहे, आम्ही वाचला नव्हता इतकंच.

पण खरं सांगू का, लढाई ऐकण्यासारखी झाली ती नियमांनी नाहीच, रेकॉर्डिंग बदलल्यावर झाली. आधी एकच माइक टेबलाच्या मधोमध असायचा, त्यामुळे फासे ढगासारखे गडगडायचे आणि माणसं लांबून, विहिरीतून बोलल्यासारखी. आता प्रत्येकाला वेगळा माइक, वेगळा ट्रॅक, सगळे ट्रॅक जुळवायला सुरुवातीला एक टाळी, आणि फासे जाड कापड लावलेल्या ट्रेमध्येच टाकायचे. बेरजा, "कुणाची पाळी", पानं चाळणं हे सगळं मी नंतर कापते. फक्त फासा हातात घेतल्यावर सगळे गप्प होतात ना, ती शांतता ठेवते, ती कापली की लढाईत जीवच राहत नाही (एकदा कापून बघितलंय). म्हणून ऐकणाऱ्याला कंटाळा येतो म्हणून नियम बदलू या असं कुणी म्हटलं की मी सांगते, त्याच्यासाठी कात्री आहे माझ्याकडे, नियम बदलायचा तो टेबलावरच्यांना जाचत असेल तर, आणि तोही चालू लढाईत नाही.

तर विनंती एवढीच की सुडोकूच्या शेजारी कधीतरी या खेळालाही थोडी जागा द्या. लिहायला माणसं मिळतील, आमच्यातच दोघं तयार आहेत. जादूगारवाली पण परत खेळायला लागलीय, या वेळी तिने क्लेरिक, म्हणजे पुजारी घेतलाय, ढाल-चिलखतासकट.

आपली,
एक नियमित वाचक