क्लेम आला नाही म्हणजे

ठाणे,
जानेवारी 2026

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी फोनवर तू बोलता बोलता एक वाक्य म्हणालीस आणि 'आई, मीटिंग आहे, ठेवते' म्हणून लगेच फोन ठेवलास. ते वाक्य चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. तू म्हणालीस, 'लहान गाळ्यांच्या पॉलिसीत क्लेम फारच कमी येतात, म्हणजे तिथे अपघातही कमीच होत असणार.' फोनवर सांगत बसले असते तर तुझी मीटिंग बुडाली असती, म्हणून लिहिते आहे. रात्री घणसोलीला खोलीवर पोचलीस की निवांत वाच.

ऐरोलीतल्या त्या काचेच्या इमारतीत बसून तू कामगार भरपाईच्या पॉलिसीचं वर्डिंग तपासतेस, कोणती अट ठेवायची आणि कोणती काढायची ते सुचवतेस, याचा मला किती अभिमान वाटतो ते तुला माहीत आहे. 31 वर्षं मी विमा कंपनीत काढली. आधी टायपिस्ट, मग क्लेम विभागात. तू आज जी कलमं संगणकावर हलवतेस, ती मी कार्बन लावून तीन-तीन प्रतींत टाइप केली आहेत.

मामाच्या उजव्या हाताला अंगठा नाही हे तू लहानपणापासून पाहतेस. 'मशिनमध्ये गेला' एवढंच आम्ही तुला सांगितलं. आज सगळं सांगते.

1991 साल. वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात तो पॉवर प्रेसवर होता. पत्र्याचे वॉशर काढायचं काम, पीस रेटवर. नऊ माणसं कामाला. दहा असती तर ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू झाली असती आणि जवळच्याच ईएसआय हॉस्पिटलात त्याची सोय झाली असती. आठवड्यापूर्वीच प्रेसचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, काढून ठेवलेलं होतं, कारण गार्ड लावलं की नग कमी निघतात. दुपारी तीनच्या सुमारास डायमध्ये अडकलेला तुकडा काढायला त्यानं हात घातला.

गाळ्याची पॉलिसी होती. मी स्वतः चौकशी केली. पॉलिसीत कामगार किती? चार. वर्षाची अंदाजे मजुरीही चौघांचीच धरलेली. कामगार भरपाईचा प्रीमियम मजुरीच्या रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो हे तुला शिकवलं असेलच. माणसं कमी दाखवली की हप्ता कमी. मामाचं नाव ना मस्टरवर, ना पगारपत्रकात. मालकानं हॉस्पिटलचं बिल भरलं, वर थोडी रोख हातावर ठेवली आणि स्टँप पेपरवर लिहून घेतलं की यापुढे माझी काही मागणी नाही. तो दहावी पास होता, पण उजव्या हाताला बँडेज, पेन धरता येईना. म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला.

सोनू, 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात कलम 17 होतं. कामगाराचा भरपाईचा हक्क सोडून देणारा करार त्या कलमाप्रमाणे रद्दबातल ठरायचा. म्हणजे त्या स्टँप पेपरला काडीची किंमत नव्हती. विमा कंपनीत बसून मला ते माहीत नव्हतं! पॉलिसीच्या आत काय आहे ते मी रोज टाइप करत होते, बाहेर काय आहे ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. कळलं तेव्हा दाव्याची दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती.

आता सांग, त्या वर्षी त्या गाळ्याच्या पॉलिसीवर क्लेम किती आले? शून्य. मामाचा अंगठा कुठल्याच रजिस्टरात नाही. पुढच्या वर्षी कुणीतरी तुझ्यासारखाच हुशार माणूस तो शून्य बघून म्हणाला असेल, जोखीम कमी आहे.

तुझ्या तक्त्यात जे आकडे आहेत ते खरेच आहेत. पण ते क्लेमचे आकडे आहेत, अपघातांचे नव्हेत. क्लेम यायला आधी माणूस कागदावर असावा लागतो, मग त्याला हक्क माहीत असावा लागतो, मग कामावरून काढतील या भीतीपलीकडे जाऊन त्यानं अर्ज करावा लागतो. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथले ठेकेदाराचे लोक यातल्या पहिल्याच पायरीवर गळतात. कायद्यानं ठेकेदाराच्या कामगाराची जबाबदारीही मूळ मालकावर टाकलेली आहे, पण पॉलिसीत ठेकेदाराचे कामगार यायला बहुतेक वेळा वेगळं सांगावं लागतं, वेगळे पैसे भरावे लागतात. लहान मालक ते करत नाही. काही जण चुकवतात, पण बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसतं.

मजुरीचा रकाना तर फार जपून बघ. 2020 पासून भरपाईच्या हिशेबासाठी महिन्याची मजुरी जास्तीत जास्त 15,000 धरतात. तीस वर्षांचा कामगार दगावला तर त्याची निम्मी मजुरी गुणिले 207.98 (त्या वयासाठी कायद्यानं ठरवलेला आकडा), म्हणजे 15,59,850 रुपये. त्याच माणसाची मजुरी कागदावर 8,000 दाखवलेली असेल आणि खरी मजुरी सिद्ध करता आली नाही, तर 8,31,920. सात लाखांहून जास्त फरक, तोही बाईच्या आणि लेकरांच्या वाटचा. हप्त्यात मालकाचे वाचतात ते त्यापुढे किरकोळच. मी क्लेम विभागात असताना पगाराची पावती शोधत घरातले डबे उपसलेल्या बायका माझ्यासमोर बसलेल्या आहेत. पावती कधी दिलेलीच नसायची.

कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, तो कायद्यातला अपंगत्वाचा तक्ता तू पाठ केला असशील. अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7. मला त्या तक्त्याचा राग नाही, काहीतरी माप लागतंच. पण ओडिशातल्या एका सुताराचा खटला जरूर वाच. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. तक्त्याप्रमाणे ते शंभर टक्के होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1975 च्या डिसेंबरात मान्य केलं की एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं नुकसान पूर्ण. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते हेही त्याच निकालात आहे. कुणी मोठा माणूस अटी सोप्या करण्याच्या नावाखाली 'फक्त तक्त्याप्रमाणे' असं वर्डिंगमध्ये घालायला सांगेल, तेव्हा हा निकाल त्याच्यापुढे ठेव.

गेल्या जुलैतला निकाल तर आपल्या धाराशिव जिल्ह्यातला आहे. साखर कारखान्याचा वॉचमन पहाटे तीनच्या पाळीला मोटरसायकलवरून निघाला आणि कारखान्याच्या अलीकडे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. 2003 ची गोष्ट. कामावर जाताना झालेला अपघात कामातलाच धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते 2025 मध्ये. बावीस वर्षं. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आता हे स्पष्ट लिहिलंय, वेळ, जागा आणि कामाचा संबंध दिसला पाहिजे एवढी अट घालून. रात्रपाळीला सायकलवरून ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडणारा माणूस तुमच्या नव्या वर्डिंगमध्ये आला आहे का, ते बघ.

तुझं काम अट सुचवण्याचं आहे, निर्णय वरचे घेतात, हे मला कळतं. तरी तुझ्या हातात बरंच आहे. प्रपोजल फॉर्ममध्ये कामगारांच्या संख्येशेजारी मशिनांची संख्या विचारायला सुचव. सहा प्रेस आणि चार कामगार दिसले की कुणीतरी फोन करून विचारेल, बाकीचे दोन प्रेस कोण चालवतं? ठेकेदाराचे कामगार मुळातच धरलेले असावेत. ज्या मालकाला नको असतील त्यानं तसं लिहून द्यावं. आत्ता नेमकं उलटं आहे. उपचाराचा खर्चही बघ. 2009 च्या दुरुस्तीपासून तो प्रत्यक्ष होईल तेवढा मालकानं द्यायचा असतो, पण पॉलिसीत त्याला मर्यादा असते आणि मालकाला वाटतं सगळं विम्यात आलं. वर महिन्याच्या आत भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज, शिवाय दंड. आणि दंड तर विम्यातून मिळतच नाही. हे त्याला सोप्या मराठीत पॉलिसीच्या पहिल्या पानावर वाचायला मिळालं, तर कितीतरी स्टँप पेपर लिहिलेच जाणार नाहीत.

मामा हल्ली डाव्या हातानं छान लिहितो. तुझ्या नोकरीचं कळल्यावर त्यानं पाठवलेलं पाकीट कपाटात आहे, आलीस की घेऊन जा. रविवारी तो जेवायला येतोय. तूही ये, दुपारची ठाणे लोकल पकड. येताना त्या नव्या वर्डिंगची एक प्रत आण. ऑफिसच्या नियमात बसत नसेल तर नुसतं सांग, त्यात 'कामगार' शब्दाची व्याख्या काय केली आहे.

तुझी,
आई