तपासणी कोपीपर्यंत यावी

न्याय्य आणि मानवी वागणुकीची प्रमाणपत्रे आता साखर कारखान्यांनाही मिळू लागली आहेत. पण तपासायला येणारे ऊसतोड कामगारांच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, डोकावतात का?

आमच्या शिवारात दर हंगामात ऊसतोडीची टोळी उतरते. पहाटेच्या अंधारात तोडायला लागलेली बाई दुपारी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. फडात ना शौचालय, ना आडोसा. पाळीत अंग मोडून आले तरी थांबता येत नाही, कारण खाडा झाला की दंड उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेत, चढतो. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली! हा आकडा वाचून आजही पोटात कालवते.

नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचल नवऱ्याच्या हातात आणि व्यवहार मुकादमाशी, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराशी. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगारच नाहीत. मग प्रमाणपत्र कोणाच्या वागणुकीचे? तपासणी ऐन हंगामात, न कळवता व्हावी. मुकादमाला दूर ठेवून बायकांशी बायकांनीच बोलावे. उचलीचा हिशेब दोघांच्या नावे लेखी असल्याशिवाय प्रमाणपत्र देऊच नये.

— एक ऊस उत्पादक शेतकरी, सांगली जिल्हा