लेकरू अमरावतीला, बाळंतीण गावात : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : सरोगसीने बाळंत झालेल्या बाईची बाळंतपणानंतरची देखभाल

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात राहते. दोन एकर कोरडवाहू आहे, बाकी दिवस दुसऱ्याच्या वावरात मजुरी. स्वतःची दोन लेकरं आहेत. 2023 च्या नोव्हेंबरात मी तिसऱ्यांदा बाळंत झाले, ती नणंदेच्या बाळासाठी. तिचं बाळ माझ्या पोटात वाढवलं, यालाच सरोगसी म्हणतात. नाव लिहीत नाही, कारण माझ्या नावामागून त्या लेकराचंही नाव गावोगाव फिरेल.

नणंद अमरावतीला असते. तिच्या पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, जीव वाचवायला डॉक्टरांनी पिशवी काढली. बाळही हाती लागलं नाही. चार वर्षं ती आमच्याकडे सणावारालासुद्धा यायची नाही, माझी लेकरं समोर दिसतात म्हणून. मग तिनेच एकदा फोनवर विचारलं, "वहिनी, तू करशील का?" मी आठ दिवस मागून घेतले. घरच्यांशी बोलले, सासूशी बोलले आणि हो म्हटलं. एक रुपया घेतला नाही आणि कोणी देऊ केलाही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे "भाड्याचं पोट" हा शब्द लोकांच्या तोंडात तयारच असतो.

2021 चा सरोगसी कायदा 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्यातली बरीच कलमं मला अनुभवाने पाठ आहेत. बाईचं वय 25 ते 35, लग्न झालेलं, स्वतःचं निदान एक मूल, आणि आयुष्यात एकदाच. नणंदेच्या पिशवीचा दाखला जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून झाला. जन्माला येणारं मूल कोणाचं, हे आधीच ठरवून घ्यायला मी तिच्यासोबत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभी राहिले. पहिल्या वेळी गर्भ राहिला नाही, दुसऱ्या वेळी राहिला. नागपूरच्या किती खेपा झाल्या, किती इंजेक्शनं घेतली, ते सांगत बसत नाही. गर्भ बाईच्या पोटात जाईपर्यंत कायद्याने सगळ्या बाजूंनी विचार केलाय आणि तो चांगला केलाय, असं माझं प्रामाणिक मत आहे. बाळ बाहेर आल्यावर मात्र त्या बाईचं काय, इथे येऊन सगळे कागद गप्प होतात.

सिझर नागपुरात झालं. बाळ अंगावर पाजायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं. नणंद शेजारच्या खोलीत वाटी-चमच्याने पाजायची आणि भिंतीपलीकडून मला रडणं ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी पहाटे मला दूध आलं. चोळी भिजली, चादर भिजली. लेकरू माझं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्याबद्दल आजही मनात काही नाही. पण दुधाला ते कोण सांगणार? सिस्टरने दूध आटायची गोळी दिली, छाती घट्ट बांधून दिली. सातव्या दिवशी नणंदेकडचे लेकरू घेऊन अमरावतीला गेले आणि मी टाके घेऊन गावी आले.

आशा ताईने माझी नोंद तिसऱ्या महिन्यातच केली होती. कार्ड होतं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, वजन-रक्तदाब सगळं वेळेवर. बाळंतपणानंतर मात्र तिचाच नाइलाज झाला. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाने 42 दिवसांत सहा वेळा जायचं असतं, सिझर असेल तर सातव्या दिवसापासून पाच वेळा. पण ही भेट बांधलेली आहे नवजात बाळाशी. बाळाचं वजन, बाळाची बीसीजीची लस, बाळाची जन्मनोंद, हे भरल्यावर आशाला तिचे 250 रुपये मिळतात. माझ्या घरात वजन करायला बाळच नव्हतं. अंगणवाडीतही तेच. सेविका चांगली आहे, जवळ बसवून म्हणाली, "बाई, स्तनदा मातेच्या यादीत तुझं नाव मी कसं टाकू, सांग." माझा घरपोच आहार तिथेच थांबला. त्या दोघींवर माझा राग नाही. त्यांच्या कागदात माझ्यासारखीला जागाच नाही.

दहाव्या दिवशी छातीत दगडासारख्या गाठी झाल्या, हुडहुडी भरून ताप आला. घरचे कापूस वेचणीला गेले होते. सासूने शेक दिला, उतरेना. हापशीवर आशा ताईला कळलं तशी ती आली आणि तिनेच मला सरकारी दवाखान्यात नेलं. ती भेट कुठल्याच कागदावर नाही. तिथे तपासणाऱ्याने भरल्या रांगेत विचारलं, "बाळ कुठे आहे?" मी म्हटलं, नाही. त्याने तसंच लिहिलं, 'बाळ नाही'. मागे उभ्या असलेल्या एका म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "गेलं काय वं पोट्टं? रडू नको बाप्पा, देव देईन अजून." तिचे डोळे भरले होते. मी काहीच बोलले नाही. अमरावतीत जे लेकरू धडधाकट दूध पीत होतं, त्याच्यासाठी ती बाई माझ्यासमोर रडत होती. ते ओझं मी अजून उतरवू शकले नाही.

गाठ फोडावी लागली. त्यासाठी यवतमाळला खासगीत जावं लागलं. सरोगसी करणाऱ्या बाईचा 36 महिन्यांचा आरोग्य विमा काढणं कायद्याने सक्तीचं आहे. माझाही काढलेला होता, पण पॉलिसीचा कागद माझ्या हातात कधीच आला नाही. तो दवाखान्याच्या फाइलीत राहिला आणि सुट्टीच्या दिवशी फोन कोणी उचलला नाही. पैसे शेवटी नणंदेने भरले. ती माझ्या घरचीच, म्हणून निभावलं. कायद्यात नात्याची अट नाही, राजी असलेली कोणतीही बाई सरोगेट होऊ शकते. अशी एखादी परकी बाई असती, तर त्या दिवशी तिने कोणाला फोन केला असता?

आणि मजुरी. सहाव्या महिन्यापासून मला वावरात जाऊ दिलं नाही आणि ते बरोबरच होतं. ऐन वेचणीचा हंगाम बाजेवर गेला. केंद्राने जून 2024 मध्ये नियम बदलले. आता केंद्र सरकारच्या नोकरीतली बाई सरोगेट झाली आणि तिला दोनपेक्षा कमी मुलं असली, तर तिला 180 दिवसांची रजा मिळू शकते. चांगलं झालं. पण कापूस वेचणाऱ्या बाईची रजा कोण मंजूर करणार? कायद्यात औषधपाण्याचा आणि ठरवून दिलेला इतर खर्च देता येतो. बुडालेली मजुरी त्यात धरा, एवढंच म्हणते. 2017 मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनेही भरपाईची शिफारस केली होती, ती मानली गेली नाही. पोट विकायची मुभा मी मागत नाही. बुडालेला रोज भरून द्यायला काय हरकत आहे?

मजुरीचं केंद्राच्या हातात आहे, मला कळतं. बाकीचं आपल्या हातात आहे. या कायद्याखालच्या राज्य मंडळाचे अध्यक्ष राज्याचे आरोग्यमंत्रीच असतात, म्हणून हे पत्र थेट आपल्याला. आशाची भेट बाळंतिणीच्या नावाने होऊ द्या, बाळ घरात असो वा नसो, आणि त्या भेटीचे पैसे तिला पूर्ण द्या. कार्डावर एक खूण ठेवा, म्हणजे भरल्या रांगेत कोणाला 'बाळ कुठे' असं विचारावं लागणार नाही. विम्याची प्रत मराठीत आणि बाईच्याच हातात द्या, गर्भ तिच्या पोटात सोडायच्या आधी. घरी बाळाच्या दारात जाऊन त्याची काळजी घ्यायची, ही रीत आपल्याच विदर्भातली. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी ती करून दाखवली आणि 2011 मध्ये ती देशाने घेतली. त्या रीतीत बाळापाठोपाठ आईची विचारपूस होते. आमच्याकडे बाळ दुसऱ्या गावी जातं, म्हणून आईचीही राहून जाते.

नागपूरच्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसून ओळख झालेली वाशीम जिल्ह्यातली एक बाई आहे. आपल्या बहिणीसाठी ती आता सातव्या महिन्यात आहे. परवा फोनवर मला विचारत होती, "ताई, दूध आलं की काय करायचं?" मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. तिची तारीख फेब्रुवारीची आहे. तिच्या गावच्या आशा ताईच्या हातात त्याआधी आपलं पत्रक पोचावं, ही विनंती.

आपली,
घाटंजी तालुक्यातली एक शेतमजूर बाई