तिला विचारलंस का? (मुलास पत्र)

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू म्हणालास ना, आई मी तिला सांगून टाकलंय, सहा महिने लॅपटॉपला हात लावायचा नाही, तो कोर्स राहू दे, फक्त आराम आणि बाळ. तुझी काळजी खरी आहे रे, ती आवाजातच कळते. पण सूनबाई तिथेच बसली होती आणि एक शब्द बोलली नाही, तेही मला कळलं. तेव्हापासून मनात घोळतंय. मी इतकी वर्षं कॉलेजात अमेरिकन कथा शिकवल्या, त्यातल्या दोन-तीन आज तुला सांगतेय, रात्री बाळ झोपलं की निवांत वाच.

पहिली 'द यलो वॉलपेपर', 1892 सालची. लिहिणारी शार्लट पर्किन्स गिलमन. तिला 1885 मध्ये मुलगी झाली आणि त्यानंतर ती इतकी खचली की 1887 मध्ये तिला फिलाडेल्फियाच्या डॉ. सायलस वेअर मिचेल यांच्याकडे पाठवलं, मज्जातंतूंच्या आजारात त्या काळी फार मोठं नाव. त्यांची ट्रीटमेंट म्हणजे 'रेस्ट क्युअर', झोपून राहायचं, भरपूर खायचं, काही करायचं नाही. घरी पाठवताना काय सांगितलं माहितीये? घरसंसारात रहा, मूल सतत जवळ ठेव, डोक्याचं काम दिवसातून फक्त दोन तास, आणि जिवंत आहेस तोवर पेन, ब्रश, पेन्सिल हातात धरू नकोस. तिने ते प्रामाणिकपणे पाळलं आणि तीनेक महिन्यांत वेड लागायच्या काठावर आली, मग तिनेच ते सोडलं, पुन्हा लिहायला लागली आणि सावरली. आता गंमत नाही, संताप येतो अशी गोष्ट सांगते, याच मिचेलसाहेबांनी ओवेन विस्टर नावाच्या तरुणाला, त्याचीही तब्येत ढासळली होती, वायोमिंगला रँचवर पाठवलं 1885 मध्ये. घोड्यावर बस, मोकळ्या हवेत फिर. तो पुढे त्याच मुलखावर लिहून प्रसिद्ध लेखक झाला. पुरुषाला मोकळं माळरान आणि बाईला बंद खोली!

याच अनुभवातून तिने ती कथा लिहिली. कथेतला नवरा जॉन, तोही डॉक्टरच, अजिबात वाईट माणूस नाही. मारत नाही, ओरडत नाही, तासातासाची औषधं ठरवून देतो, उचलून वर नेतो, वाचून दाखवतो. त्याची आजारी बायको म्हणते मला खालची खोली हवी, गुलाब आहेत तिथली, तो म्हणतो नको. ती म्हणते मला माझ्या माणसांना भेटू दे, तो म्हणतो तुला झेपणार नाही. ती म्हणते आपण इथून जाऊया, तो लाडाने समजूत काढतो. आणि ती चोरून लिहिते, कुणाचं पाऊल वाजलं की कागद लपवते. भिंतीवरच्या त्या पिवळ्या कागदाच्या नक्षीमागे तिला एक अडकलेली बाई दिसायला लागते, पुढचं तू स्वतः वाच. मुलांना शिकवताना मी दरवेळी इथेच थांबायचे, कारण वर्गातली मुलं जॉनमध्ये व्हिलन शोधायची आणि तो सापडायचा नाही. त्याने एकच गोष्ट केली नाही, तिचं म्हणणं खरं धरलं नाही. बास, तेवढंच.

त्याच गिलमनने नंतर घटस्फोट घेतला आणि 1894 मध्ये मुलीला वडिलांकडे राहायला पाठवलं, तर पेपरवाल्यांनी तिला आई म्हणून किती नावं ठेवली. आजारी होती तेव्हा यातलं कोण विचारायला आलं होतं?

दुसरी कथा तर तुझ्या घराजवळचीच, आयोवातलीच. तू डि मॉइनला राहतोस, तिथून अर्ध्या तासावर इंडियानोला गाव आहे बघ. डिसेंबर 1900 मध्ये तिकडच्या एका शेतावर जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याला रात्री झोपेत कुऱ्हाडीने मारलं आणि संशय बायकोवर, मार्गारेटवर आला. सुझन ग्लॅस्पेल तेव्हा तुमच्या ड्रेक युनिव्हर्सिटीतून नुकतीच शिकून 'डि मॉइन डेली न्यूज'ची रिपोर्टर झाली होती, तिने तो खटला कव्हर केला. ज्युरीत सगळे पुरुष, बायकांना तेव्हा मताचाही हक्क नव्हता. मार्गारेटला जन्मठेप झाली, पण वरच्या कोर्टाने 1902 मध्ये तो निकाल रद्द केला आणि 1903 च्या दुसऱ्या खटल्यात ज्युरीचं एकमतच झालं नाही, शेवटी ती सुटली.

ते घर ग्लॅस्पेलच्या डोक्यातून गेलं नाही. 1916 मध्ये तिने त्यावर छोटं नाटक लिहिलं आणि 1917 मध्ये कथा, 'अ ज्युरी ऑफ हर पिअर्स'. त्यात शेरीफ म्हणजे तिकडचा पोलीस अधिकारी, सरकारी वकील आणि शेजारचा शेतकरी खुनाचा पुरावा शोधत घरभर फिरतात, माडी बघतात, गोठा बघतात, आणि दोन बायका, मिसेस हेल आणि मिसेस पीटर्स, स्वयंपाकघरात थांबतात. पुरुष म्हणतात इथे काय, भांडीकुंडी. पण बायकांना दिसतं की गोधडीचे टाके इतके नीट चाललेले, एका तुकड्यावर एकदम वेडेवाकडे झालेत. पक्ष्याचा पिंजरा, दार मोडलेलं. आणि शिवणाच्या डब्यात रेशमी कापडात गुंडाळलेला कॅनरी, मान पिरगळलेला. मिनी, म्हणजे नवऱ्याच्या खुनाचा संशय जिच्यावर आहे ती त्या घरातली बाई, लग्नाआधी चर्चमध्ये गायची, आणि त्या थंड, मुक्या घरात तिच्याजवळ गाणारं एवढंच काय ते होतं. मला सगळ्यात लागतं ते मिसेस हेलचं, ती म्हणते मी वर्षभरात एकदाही इकडे फिरकले नाही, हाच गुन्हा होता, याची शिक्षा कोण करणार? त्या दोघी मग पुराव्याचं काय करतात ते मी सांगत नाही.

केट शोपॅनची 1894 ची एक इवलीशी कथा आहे, नवरा रेल्वे अपघातात गेला असं कळल्यावर तासाभरात बाईला काय काय वाटतं त्याची. तीही वाच, दहा मिनिटांत होते, पण आधी या दोन.

आता तुझ्या घराबद्दल. ती खरंच थकली असेल, कदाचित तिला आरामच हवा असेल, मला इथे बसून कसं कळणार, आणि बाळा, तुलाही तिने सांगितल्याशिवाय कसं कळणार? बाळंतपणानंतर मन खूप खाली गेलं असेल तर डॉक्टरकडे जा, लाजू नका, पण डॉक्टरने प्रश्न तिला विचारला की उत्तर तिला देऊ दे, तू मध्ये बोलू नकोस. कोर्स चालू ठेवायचा असेल तर तेवढा वेळ बाळ तू घे. झोपायचं असेल तर झोपू दे. तिच्या तोंडून काय येतं ते ऐक आणि लगेच सुधारायला जाऊ नकोस.

आणि जूनमध्ये मी तिकडे यायचं तुम्ही ठरवलंय ना, ते तू ठरवलंयस की दोघांनी, हे मला माहीत नाही. तिला सासू आत्ता घरात हवीय का, की तिची आई हवीय, की कोणीच नकोय, हे तिला एकटीला विचार, मी समोर नसताना. तिचं जे उत्तर असेल ते मला जसंच्या तसं कळव, मग तिकिटाचं बघू.

तुझी,
आई