स्टोअरच्या काकांची शोकसभा, आणि वहिनींच्या कागदपत्रांबद्दल

सर्व सभासदांसाठी. शोकसभा शनिवारी दुपारी 3 वाजता, पाळी बदलताना, कॅन्टीनमध्ये. फोटोला हार एकच. बाकी हारांचे पैसे वर्गणीच्या पाकिटात टाकावेत. पाकिटावर नाव-रक्कम लिहू नये. भाषणे दोनच, तीही थोडक्यात. काकांना लांबण आवडत नसे.

लॉकर त्यांच्या मुलासमोर उघडायचा आहे. चष्मा, डबा, रबर लावलेली आवक-जावकची वही, सगळे यादी करून हाती द्यावे. वहीची पाने कोणी फाडू नयेत.

आता मुख्य काम, वहिनींच्या (काकांच्या पत्नीच्या) कागदपत्रांचे. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, नंतर विलंब शुल्क आणि हेलपाटे. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. त्याआधी दाखल्यातले नाव आधारशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावे; वडिलांचे नाव किंवा आडनावाचे स्पेलिंग चुकले की दावा परत येतो. पीएफ, पेन्शन आणि विमा (पीएफशी जोडलेली ईडीएलआय योजना, कमाल 7 लाख रुपये) हे तिन्ही दावे मागायचे असतात. पीएफ मिळाला की विमा विसरणारी घरे बरीच असतात. काकांचे सिमकार्ड इतक्यात बंद करू नये, ओटीपी त्यावरच येतात. एटीएममधून मात्र पैसे काढू नयेत, वारसांत पुढे त्यावरूनच वाद होतात.

लग्नाआधी भरलेले नॉमिनेशन ज्यांनी बदललेले नाही, त्यांनी याच आठवड्यात नवे भरावे.