विषय : आईच्या ऑक्सिजनच्या नोंदी न मोजता भरल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ज्येष्ठ नागरिक शुश्रूषा केंद्र, पुणे.

महोदय,

माझी ७६ वर्षांची आई गेल्या जूनपासून आपल्या केंद्रात राहत होती. तिने विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, पण निम्मे आयुष्य चुलीच्या धुरात गेल्याने तिला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा आजार) जडला आहे. ऑक्सिजन मिनिटाला १ लिटरच द्यावा, रक्तातील ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखावी आणि दर चार तासांनी श्वासांची गतीही मोजावी, अशी छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखल करतानाच मी आपल्याकडे दिली होती.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी तिळगूळ घेऊन आले, तेव्हा आई हाक मारूनही नीट जागी होत नव्हती. कॉन्सन्ट्रेटरवरची (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्रावरची) प्रवाह दाखवणारी गोळी ४ लिटरच्या रेषेवर होती आणि माझ्या ऑक्सिमीटरवर ९७ आकडा आला. अशा रुग्णाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते, म्हणून ९७ हा आकडा दिसायला चांगला असला तरी तिच्यासाठी धोक्याचा होता. पलंगाला अडकवलेल्या तक्त्यावर मात्र तीन दिवस प्रत्येक रकान्यात ‘९२’ आणि श्वास ‘१८’ एवढेच लिहिले होते, आणि दुपारी चारचा रकाना तीन वाजताच भरलेला होता. त्या निळ्या शाईतल्या एकसारख्या आकड्यांवर विसंबून मी रोज रात्री निर्धास्त झोपत होते, याचे मला फार वाईट वाटते.

आईला रुग्णालयात पाच दिवस बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रावर) ठेवावे लागले. रात्री दम लागला म्हणून ऑक्सिजन वाढवल्याचे ड्यूटीवरच्या सिस्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले. चौदा रुग्णांमागे त्या एकट्याच होत्या, त्यामुळे त्यांच्यावर खापर फोडून हे प्रकरण मिटवू नये, अशी माझी विनंती आहे.

जानेवारीच्या मूळ तक्त्यांच्या प्रती, ऑक्सिजन वाढवल्याचे डॉक्टरांना कळवले होते की नाही याचा लेखी खुलासा आणि ‘वैद्यकीय देखरेख’ या नावाखाली घेतलेले शुल्क १५ दिवसांत मिळावे. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आई सध्या माझ्या घरी आहे. तिचा चष्मा आणि नेब्युलायझर खोलीतच राहिले आहेत. ते पत्र आणणाऱ्याजवळ द्यावेत.

आपली,
रुग्णाची मुलगी