कुत्रं गप राहिलं तर

चि. पिंकी, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझी आई एवढी का चिडली ते सांगतो, तिला वाटतंय पोरगी शिरवळला जनावरांची डॉक्टर व्हायला गेली आणि आता गाडलेली माणसं शोधायला कुत्र्याबरोबर ढिगारे हुंगत फिरणार. मी काय बोललो नाही कारण टेम्पो लोड होत होता, आणि खरं म्हणजे मला असलं तोंडानं बोलायला जमत पण नाही, म्हणून रात्री बसून टाईप करतोय, चुका झाल्या तर समजून घे.

2021 चा जुलै आठवतोय ना, तू बारावीला होतीस. महाबळेश्वरला 24 तासात 594 मिलिमीटर पाऊस पडला आणि 22 तारखेच्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला. मी मल्हारपेठवरनं टेम्पोत भाकरी आणि चादरी घेऊन गेलो होतो एवढंच घरी माहिती आहे. पुढचं कुणाला सांगितलं नाही. एका वाडीत आम्ही दहाबारा जण टिकाव खोरी घेऊन खणत होतो, एक म्हातारबा म्हणायचे घर हितं होतं, त्यांचा पुतण्या म्हणायचा नाय, तिकडं त्या फणसापाशी, आणि फणसच जाग्यावर नव्हता. चिखल घर जिथल्या तिथं ठेवतोय व्हय, पार ढकलत नेतो. अर्धा दिवस आम्ही नुसती मोकळी माती उपसली. सगळा अंदाज.

म्हणून तू कुत्र्याचं काढलंस तेव्हा मला हसू आलं नाही.

तू सांगितलेलं माझ्या डोक्यात चांगलं बसलंय बरं का. चोराच्या मागावर जाणारं कुत्रं चप्पल हुंगून एकाच माणसामागं जातं, आणि हे ढिगाऱ्यावरचं कुत्रं हवेतनं येणारा वास पकडतं, मग तो कुठल्या का माणसाचा असेना. आपल्या अंगावरनं कातडीचे बारीक कण सारखे गळत असतात, घाम, श्वास, ते सगळं फटीफटीतनं वर येतं. म्हणून भूकंपात पडलेल्या स्लॅबच्या बिल्डिंगीत आशा जास्त, आत पोकळी राहते, हवा राहते. दरडीच्या चिखलात फट कुठली राहायला. हे मला त्या दिवशी कळलं असतं तर काय फरक पडला असता असं नाही, पण कळायला पाहिजे होतं.

तुर्कस्तानातलं मी मोबाईलवर बघितलेलं. 6 फेब्रुवारी 2023 चा भूकंप, आपली एनडीआरएफची, म्हणजे आपत्तीत माणसं वाचवणाऱ्या सरकारी दलाची टीम गेली होती, नूरदागीला ज्युली नावाची लॅब्राडॉर ढिगाऱ्यात शिरली आणि भुंकायला लागली. तरी लगेच खणलं नाही, रोमिओ नावाच्या दुसऱ्या कुत्र्याला सोडलं, तो पण तिथंच भुंकला, मग खणलं आणि सहा वर्षांची पोरगी जिवंत निघाली. मला ज्युलीपेक्षा ते दुसरं कुत्रं सोडलं ते लई आवडलं. आमच्याकडं त्या दिवशी पहिल्याचं खरं का दुसऱ्याचं, हे ठरवायलाच कोण नव्हतं.

पण पोरी, भुंकल्याचे व्हिडिओ सगळे बघतात. जिवंत माणूस शोधायला शिकवलेलं कुत्रं ढिगाऱ्यावरनं फिरून गप परत आलं तर ते तिथं उभ्या असलेल्या बापाला कोण सांगणार? तू. आणि तो म्हणणार अजून एकदा सोडा, मॅडम, अजून एकदा. मी त्या म्हाताऱ्याला दुपारी सांगू शकलो नाही की आता थांबू या, टेम्पोत डिझेल भरायचंय असं खोटं बोलून खाली आलो. तुझ्या आईला ते माहीत नाही.

कुत्र्याला तरी सोपं असतं म्हणावं तर तसं पण नाही. त्याला तो खेळच वाटतो, माणूस सापडला की बॉल मिळतो एवढंच त्याचं गणित, आणि दिवसदिवस कोण जिवंत सापडलंच नाही की ते पण खट्टू होतं. 2001 ला न्यूयॉर्कला ते दोन टॉवर पडले तेव्हा म्हणे कुत्र्यांचं मन राहावं म्हणून त्यांचीच माणसं मुद्दाम ढिगाऱ्यात लपून बसायची. मला ते वाचून कसंतरीच झालं. माणसाचं मन राखायला कोण लपणार?

तरी कर तू. पुण्याची एनडीआरएफ बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, माझी त्या बाजूला महिन्यातनं एक ट्रिप असते, जनावरांच्या डॉक्टरला तिथं काय काम मिळतं त्याची चौकशी करतो. आईचं माझ्यावर सोड. आधी डिग्री पूर्ण कर पण.

आणि टिप्याला तयार करायचं डोक्यातनं काढ. कारवानी जात ती, डोळ्याला ससा दिसला की सुटणार, वास घेत बसायला त्याला सवड कुठं. तरी परवा मी कडब्याच्या गंजीमागं लपून बघितलं. अर्धा तास बसलो. मच्छरांनी फोडून काढला, आणि टिप्या शेजारच्या पाटलांच्या कोंबड्यामागं. शेवटी आईच शोधत आली, चहा गार होतोय म्हणून.

शनिवारी येताना उंब्रजला उतरलीस की फोन कर, मी गाडी घेऊन येतो.

तुझे तात्या